हळद, कावीळ आणि यकृत : स्वयंपाकघरातील मसाल्यांचा विवेकी वापर

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात हळदीला जे स्थान आहे, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिनसाला लाभले असेल. वरण-भातापासून लग्नातील हळदीपर्यंत आणि जखमेवरील लेपापासून खोकल्यावरील दुधापर्यंत तिचा संचार आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालील पेवांत हळकुंडे साठविण्याची पद्धत तर पिढ्यान्‌पिढ्यांची. अशा या परिचित जिनसाविषयी समाजात दोन परस्परविरुद्ध समजुती एकाच वेळी नांदताना दिसतात, ही मोठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

घरात कोणाला कावीळ झाली की हळद पिवळी म्हणून पहिल्यांदा ती रुग्णाच्या जेवणातून वर्ज्य होते. ही झाली एक समजूत. दुसरी अलीकडे बळावलेली आहे. हळदीने यकृत शुद्ध होते, म्हणून रोज उपाशीपोटी चमचाभर हळद, तिचा अर्क किंवा कॅप्सूल घ्यावी, असा प्रचार सर्वत्र ऐकू येतो. पहिली समजूत हळदीला अपराधी ठरविते, तर दुसरी तिला रामबाण औषध मानते. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्हींमुळे रुग्णाचे नुकसान होऊ शकते. मसाल्यांचा यकृताला खरा उपयोग किती आणि कसा, हे शास्त्रीय माहितीच्या आधारे समजावून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

यकृताचे कार्य

यकृत हा शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव होय. पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड त्याचे स्थान असून प्रौढ व्यक्तीच्या यकृताचे वजन सुमारे सव्वा ते दीड किलो भरते. आतड्यांतून शोषलेले अन्नरस घेऊन येणारे रक्त प्रथम यकृतात येते. तेथे साखरेचा साठा होतो, रक्तातील आवश्यक प्रथिने तयार होतात, स्निग्ध पदार्थांच्या पचनास लागणारे पित्त निर्माण होते, आणि मद्य, औषधे व शरीरात तयार झालेले टाकाऊ पदार्थ यांचे रूपांतर होऊन ते बाहेर टाकण्याजोगे बनतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. शरीराची शुद्धी करणारा अवयव यकृत हाच आहे, त्याला बाहेरून कोणी धुऊन काढण्याची आवश्यकता नसते. त्याच्यावर नको तेवढा भार पडू न देणे, ही त्याची खरी सेवा. काही प्रमाणात हानी झाली तरी ते स्वतःची भरपाई करून घेऊ शकते. तथापि वर्षानुवर्षे इजा होत राहिली, तर त्याच्या मऊ पेशींच्या जागी कठीण तंतू निर्माण होतात, आणि ही अवस्था एका मर्यादेपलीकडे गेली की तेथून मागे फिरणे कठीण असते. दुर्दैवाने तोवर रुग्णाला फारसा त्रासही जाणवत नाही.

कावीळ : रोग नव्हे, लक्षण

रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य संपले की त्यांच्या विघटनातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली, पित्तनलिकेत अडथळा आला किंवा तांबड्या पेशी अतिवेगाने नष्ट होऊ लागल्या, म्हणजे हे द्रव्य रक्तात साठते व डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसू लागते. हाच पिवळेपणा म्हणजे कावीळ. आमटीतील हळदीच्या रंगाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. जेवणापुरती हळद बंद केल्याने कावीळ उतरत नाही आणि चालू ठेवल्याने ती वाढत नाही.

कावीळ हे लक्षण असल्यामुळे तिचे कारण शोधणे हा उपचाराचा पहिला टप्पा ठरतो. अ आणि ई प्रकारचे विषाणू दूषित पाणी व अन्न यांतून पसरतात. ब आणि क प्रकारचे विषाणू रक्त, निर्जंतुक न केलेल्या सुया, असुरक्षित शरीरसंबंध यांतून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे जातात. याखेरीज मद्यपान, काही औषधे, पित्तखडे व अर्बुद हीही कारणे असू शकतात. दूषित पाण्याचा धोका किती भयंकर असतो, याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. १९५५-५६ साली दिल्लीत पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळून काविळीची जी साथ आली, तिच्यात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ई विषाणूची होती, हे पुढे निष्पन्न झाले. आपल्या राज्यात २०१२ साली इचलकरंजी येथे याच विषाणूची मोठी साथ उद्‌भवली आणि तीत काही रुग्णांना प्राणही गमवावे लागले. ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, प्राणघातक ठरू शकते.

अ आणि ई प्रकारची कावीळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. गावोगावच्या काविळीच्या औषधाची कीर्ती याच वस्तुस्थितीवर उभी आहे. माळ घातली, पाला दिला, हात धुऊन कावीळ उतरविली, आणि रुग्ण बरा झाला. तो उपचाराविनाही बरा झाला असता, पण श्रेय उपचाराला मिळते. मात्र ज्या थोड्या रुग्णांच्या बाबतीत कारण गंभीर असते, त्यांचे मोलाचे दिवस या प्रतीक्षेत निघून जातात. हानी होते ती येथे.

पथ्याच्या बाबतीतही विवेक हवा. तेल, तूप, डाळ, हळद सारेच बंद करून रुग्णाला केवळ उसाच्या रसावर आणि उकडलेल्या अन्नावर ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. आजारी यकृताला पुरेशा उष्मांकांची व प्रथिनांची गरज असते. मळमळ असेपर्यंत तळलेले, तेलकट पदार्थ टाळावेत हे योग्यच. परंतु मुगाची खिचडी, ताक, फळे, भाकरी, वरण हा नेहमीचा हलका आहार, त्यातील चिमूटभर हळद-जिऱ्यासह, रुग्णाने घ्यावा. रस्त्यावरचा उसाचा रस अस्वच्छ पाण्याच्या बर्फासह घेतल्यास ज्या मार्गाने विषाणू आला, तोच मार्ग पुन्हा मोकळा होतो.

हळदीचे गुण आणि मर्यादा

हळदीला रंग देणारे मुख्य द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. दाह कमी करण्याचा व पेशींची हानी रोखण्याचा गुण त्यात असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मेदयुक्त यकृताच्या, म्हणजे ज्याला आपण फॅटी लिव्हर म्हणतो त्या विकाराच्या रुग्णांवरील काही छोट्या चाचण्यांत रक्तातील यकृत-विकरांचे प्रमाण थोडे खाली आल्याचेही आढळले. परंतु एवढ्या पुराव्यावरून हळद हे यकृतविकारावरील औषध ठरत नाही.

याचे एक कारण प्रमाणात आहे. चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारणतः ३ टक्के धरले, तर ते ९० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. त्यातलेही अत्यल्पच रक्तात शोषले जाते. बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पिपेरिन दिल्यास माणसाच्या शरीरात त्याची उपलब्धता सुमारे वीसपट वाढते, असे दिसून आले. आपल्या फोडणीत हळद, तेल आणि मिरी एकत्र येतात, ते अगदीच निरर्थक नव्हे. तथापि स्वयंपाकातील प्रमाण आहाराचे असते, उपचाराचे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली देण्यात आलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आव्हान देऊन १९९७ साली रद्द करवून घेतले, ही अभिमानाची घटना अनेकांच्या स्मरणात असेल. तो लढा जिंकला तो भावनेच्या बळावर नव्हे. जुन्या ग्रंथांतील लेखी पुरावे सादर केल्यामुळे तो जिंकला. परंपरेचा सन्मान पुराव्याने वाढतो. जखमेविषयीचा तो पुरावा यकृतालाही लागू पडतो, असे मात्र कोणी मानू नये.

अर्क आणि कॅप्सूल

घरची हळद आणि बाजारातील अर्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कर्क्युमिन असेल, तर ते पाच चमचे हळदीहून अधिक झाले. त्यात शोषण वाढविण्यासाठी पिपेरिन घातलेले असेल, तर शरीरात पोहोचणारी मात्रा त्याहूनही कित्येक पटींनी वाढते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनची दैनंदिन स्वीकार्य मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ठरविली आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ती १८० मिलिग्रॅम होते. घरच्या जेवणातून ती सहसा ओलांडली जात नाही, एका कॅप्सूलने मात्र ओलांडली जाऊ शकते.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली हळदीच्या पूरक उत्पादनांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले व एकाचा मृत्यू झाला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक घटक आढळला. म्हणजे सर्वांनाच अपाय होईल असे नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. इटलीत २०१९ साली अशाच घटना समोर आल्यावर तेथील शासनाने या उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. यकृत सुधारावे म्हणून घेतलेल्या पदार्थानेच ते बिघडावे, यासारखी खेदाची बाब कोणती?

क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधे यकृतावर आधीच भार टाकतात. अशा रुग्णांनी, तसेच रक्त पातळ करणारी किंवा अपस्माराची औषधे घेणाऱ्यांनी कोणतेही चूर्ण वा अर्क डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. क्षयरोग्याच्या घरी औषध पोहोचविणाऱ्या आशा स्वयंसेविकेने हा प्रश्न आवर्जून विचारावा.

दालचिनी, कोकम आणि गुळवेल

मधुमेह व वजन कमी करण्यासाठी रोज दालचिनीचे चूर्ण घेण्याची पद्धत वाढली आहे. दालचिनी या नावाने बाजारात दोन प्रकार मिळतात. एक खरी दालचिनी. तिची साल कागदासारखी पातळ असून एकात एक अनेक पदर गुंडाळलेले असतात. दुसरा प्रकार कॅसिया. त्याची साल जाड, खरबरीत आणि एकपदरी असते. कॅसियात कौमारिन हे द्रव्य अधिक असते, आणि ते संवेदनशील व्यक्तींच्या यकृतास अपायकारक ठरू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कौमारिनची दैनंदिन मर्यादा प्रत्येक किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. कॅसियाची सुमारे २ ग्रॅम पूड रोज घेतली, तरी ६० किलोच्या माणसाची मर्यादा गाठली जाते. मसालेभातातील एखाद्या तुकड्याची चिंता करण्याचे कारण नाही. रोज चूर्ण घेणाऱ्यांनी मात्र विचार करावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण तेज’ ही जात खऱ्या दालचिनीची आहे. कोकणातील बागायतदारांनी तिची लागवड वाढविली, तर ग्राहकाचे हित आणि शेतकऱ्याचे उत्पन्न ही दोन्ही साधतील.

कोकमाच्या बाबतीतही असाच विवेक हवा. कोकमाच्याच कुळातील, दक्षिणेकडील एका फळाचा अर्क वजन घटविण्याच्या गोळ्यांत वापरतात व त्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणानंतरची वाटीभर सोलकढी आणि अर्काच्या गोळ्या यांची तुलना होऊ शकत नाही. एक अन्न आहे, दुसरे मोजून न घेतलेले औषध.

गुळवेल मसाला नव्हे, परंतु कोविड साथीच्या काळात तिचे काढे घरोघरी उकळले गेले. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताची सूज आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढे २०२२ साली देशातील तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रकाशित झाला. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेऊन गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीशी गल्लत होण्याची शक्यता दाखवून दिली. तज्ज्ञांचा हा मतभेद असला, तरी सामान्य माणसापुरता निष्कर्ष एकच निघतो. कुंपणावरची वेल स्वतः ओळखून, स्वतः मात्रा ठरवून दीर्घकाळ घेणे धोक्याचे आहे.

मसाल्यांचे खरे योगदान

मग मसाल्यांचा यकृताला उपयोग नाहीच काय? आहे, आणि तो मोठा आहे. मात्र तो औषध म्हणून नव्हे, स्वयंपाकाचे साधन म्हणून आहे.

मद्य न घेणाऱ्यांतही आज यकृतात मेद साठण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. वाढते वजन, मधुमेह, बैठे काम आणि गोड-तळकट आहार ही त्याची प्रमुख कारणे. केंद्र शासनाने २०२१ साली या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमात केला. यावर सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय म्हणजे वजन घटविणे. सात ते दहा टक्के वजन कमी झाल्यास यकृताची सूज ओसरू लागते, असे अनुभवास आले आहे. म्हणजे ८० किलो वजनाच्या व्यक्तीने सहा ते आठ किलो कमी करावयाचे.

असा आहार नियमाने घ्यावयाचा, तर तो रुचकर असला पाहिजे. येथे मसाले उपयोगी पडतात. तेल, मीठ आणि साखर कमी केल्याने जी चव जाते, ती आले, लसूण, जिरे, धने, कढीपत्ता, कोथिंबीर, कोकम आणि लिंबू भरून काढतात. कोरडे भाजून कुटलेले जिरे ताकात घातले, तर मीठ निम्मे पुरते. आमटीत आमसूल व कढीपत्ता असला, की वरून तेलाची तर्री नसली तरी चालते. मेतकूट-भातात डाळी, धने, जिरे, हळद एकत्र येतात, आणि जोडीला साधे दही पुरेसे होते. मेथीदाण्यातील तंतूंमुळे जेवणानंतर साखर रक्तात सावकाश उतरते. यकृत कठीण होऊन पोटात पाणी साठलेल्या रुग्णाला मीठ कटाक्षाने कमी करावे लागते. अशा रुग्णाचे बेचव ताट सुसह्य करणे, हे घरच्या मसाल्याच्या डब्याचे फार मोठे काम आहे. लोणचे, पापड व तयार मसाल्यांची पाकिटे मात्र या हेतूला मारक ठरतात, कारण त्यांत मीठ भरपूर असते.

एवढे करूनही मद्यपान चालू राहिले, तर कोणताही मसाला यकृताला वाचवू शकणार नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

साठवण आणि भेसळ

मसाल्यांपासून यकृताला होणारा एक धोका साठवणीत दडलेला आहे. दमट जागी ठेवलेल्या मिरच्या, शेंगदाणे, मका यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. ते यकृताच्या कर्करोगासही कारणीभूत होते, आणि शिजविल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. १९७४ च्या पावसाळ्यानंतर गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृतविकाराची साथ उद्‌भवली. सुमारे चारशे लोक आजारी पडले आणि शंभराहून अधिक दगावले. त्याच घरांतले अन्न खाणारी कुत्रीही त्या आजाराने मेली. आदिवासी कुटुंबांपाशी दुसरे धान्य नव्हते, म्हणून त्यांनी तो मका खाल्ला.

यास्तव मिरची, धने, हळकुंडे कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावीत. कुबट वास येणारा वा काळे-हिरवे डाग दिसणारा जिन्नस स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये, आणि निवडून-पाखडूनही वापरू नये. हळद शक्यतो हळकुंडे आणून दळून घ्यावी. पुडीतील हळदीची घरगुती परीक्षा सोपी आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद न ढवळता टाकावी. शुद्ध हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग देते, कृत्रिम रंग मिसळलेली हळद पाणी गडद पिवळे करते. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

शाळा आणि ग्रामपंचायत

या विषयात शिक्षक आणि लोकप्रतिनिधी पुष्कळ काही करू शकतात. विज्ञानाच्या तासाला हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. कागद तांबडा होतो. रंग बदलणे ही रासायनिक क्रिया आहे, हे मुलांना डोळ्यांदेखत पटते. मग हात धुऊन कावीळ उतरविणाऱ्याचे रहस्यही उलगडून सांगता येते. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला, की चुन्याचे पाणी पिवळे होते. ती कावीळ शरीरातून उतरलेली नसते. ज्या मुलाने हा प्रयोग शाळेत पाहिला, तो घरी आजोबांना रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरील.

ग्रामपंचायतीने पाण्याकडे लक्ष द्यावे. जलसुरक्षकाने ब्लिचिंग पावडरची मात्रा योग्य प्रमाणात व नियमितपणे टाकली की नाही, नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन पोहोचते की नाही, जलवाहिनी गटारातून जाते काय, याची नोंद ग्रामसभेपुढे यावी. गावात एकाच आठवड्यात काविळीचे दोन-तीन रुग्ण दिसले, तर ती साथीची सूचना समजून प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे.

ब प्रकारच्या काविळीवर लस आहे. बाळाच्या जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली मात्रा आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पंचगुणी लसीतून उर्वरित मात्रा दिल्या जातात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमाखाली ब व क प्रकारच्या रुग्णांची तपासणी आणि औषधोपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य होतात. क प्रकारची कावीळ तर आता काही महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतांश रुग्णांत पूर्णपणे बरी होते.

काविळीच्या रुग्णास गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या, रक्तस्राव, पोट फुगणे यांपैकी एकही लक्षण दिसले, किंवा रुग्ण गरोदर स्त्री असली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळणारी कावीळही तपासून घेतलीच पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी मसाल्याच्या डब्यात हळदीसाठी लहानसा चमचा ठेवला. त्या चमच्याचे माप हे अनुभवाने ठरलेले माप आहे. कावीळ झाली म्हणून तो डब्याबाहेर काढण्याचे कारण नाही, आणि यकृत सुधारावे म्हणून त्याच्या जागी मोठा चमचा आणण्याचेही नाही. हळद स्वयंपाकघरात, तपासणी आरोग्य केंद्रात, लस वेळेवर आणि पाणी स्वच्छ, एवढी व्यवस्था प्रत्येक गावाने लावली, तर काविळीने जाणारे पुष्कळसे जीव वाचू शकतील.